अक्काची भाकरी

ईरम्मानं तव्यावरची भाकरी चिमटीत धरली, हवेतच एक झटका दिला आणि सवयीनं समोरच्या चुलीकडं भिरकावली. भाकरी गार परातीत जाऊन पडली. परातीत पीठ नव्हतं, चुलीत विस्तव नव्हता. दिवाळीच्या तोंडावर सारवलेली ती चूल अजून तशीच कोरी बसली होती.

"हात मेला," ईरम्मा आपल्याच हाताला म्हणाली, "किती सांगितलं तरी ऐकत न्हाय."

उठताना गुडघ्यांनी कुरकुर केली. तिनं भाकरी परत आणली आणि आपल्या टोपल्यात टाकली.

पडवीत चुली दोन, समोरासमोर. अलीकडं ईरम्मा बसायची, पलीकडं केसरबाई. ईरम्माची कडक भाकरी सोलापुरातल्या दुकानोदुकानी जायची. पाकिटावर नाव ईरम्माचं, पण निम्म्या भाकऱ्या केसरबाईच्या हातच्या. ईरम्मा मठ गल्लीतली, केसरबाई मागच्या विहाराच्या गल्लीतली. दोघी या दोन चुलींपुढं म्हाताऱ्या झाल्या होत्या. नवरे गेले, सुना आल्या, नातवंडं झाली, आणि सगळ्याचं रडूनहसून झालं ते पीठ थापता थापता.

दिवसभर भाकरी थापणाऱ्या बाईला स्वतःच्या हातची भाकरी गिळवत नाही. म्हणून दुपारी ईरम्मा केसरबाईच्या तव्यावरची खायची आणि केसरबाई ईरम्माच्या. ईरम्माचं काम सोपं होतं. ती गरम भाकरी सरळ समोर फेकायची. केसरबाई व्यवस्थित बाई. ईरम्माला ती अक्का म्हणायची. अक्कासाठी थापलेली भाकरी चुकून पाकिटात जाऊ नये म्हणून ती ओल्या भाकरीवर मनगटातली बांगडी अलगद दाबायची. भाजल्यावर मधोमध गोल वण उठायचा. टोपलं कितीही भरलेलं असो, तो वण दिसला की ती भाकरी विकायची नाही. ती अक्काची.

दिवाळीआधीच्या त्या संध्याकाळपासून ईरम्मा दुपारी दूधभात खात होती.

"अज्जी, कुणाशी बोलायलीस?"

दारात श्रीदेवी उभी होती, ईरम्माची नात. तिच्या मागं, उंबऱ्याबाहेर, केसरबाईचा धाकटा नातू सिद्धांत. दोघं एका कॉलेजात, एकाच वर्गात. पूर्वी हा पोरगा तडक चुलीपर्यंत यायचा आणि न विचारता शेंगाचटणीच्या बरणीत बोट घालायचा.

"आत ये की रे. उंबऱ्यानं पाय धरलाय का तुजा?"

"हितंच बरंय, आजी."

"त्यात काय बरं? डोस्क्यावर ऊन घ्यायलास."

तो हसला नाही. चपला काढल्या आणि एकच पाऊल आत टाकून भिंतीला टेकला.

दोघं सात रस्त्याकडून आले होते. तिथल्या एका संस्थेनं दोन्ही गल्ल्यांतल्या पोरापोरींना बोलावून वर्कशॉप घेतलं होतं. शांततेबद्दल तरुणांना काय वाटतं, असा विषय.

"शांतता म्हणजे काय, ते रंगीत कागदावर एका वाक्यात लिहायचं होतं," श्रीदेवी म्हणाली.

"मग मला इचारून जायचं. मी समितीत हाय."

हे खरं होतं. पोलीस ठाण्याच्या शांतता समितीत ईरम्मा बरीच वर्षं होती. सणवार जवळ आला की बोलावणं यायचं. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र तिनं देव्हाऱ्यात, बसवण्णांच्या तसबिरीच्या खिळ्याला टांगलं होतं. शाळा दुसरीपर्यंत, पण सही करायची वेळ आली की ती असा काही रेटा लावायची की खालच्या कागदावरही उमटावी.

"तुझी समिती म्हणजे चहा आणि खारी," श्रीदेवी म्हणाली. "साहेब म्हणणार सहकार्य करा, तुम्ही म्हणणार करू, मग फोटो. दगड पडायला लागले तेव्हा कुठं होती समिती?"

"घरात होती. आतनं कडी लावून. तुज्यासकट."

सिद्धांतच्या ओठाची एक कड हलली. तेवढ्यावरच ईरम्माला जरा हुशारी आली.

"मग काय लिवलंस तू?"

"क्लासवरून घरी येताना कुठल्या गल्लीतून जावं, याचा विचार करायला न लागणं."

"बरं लिवलंस. आन् तू रे?"

श्रीदेवीनंच सांगितलं, चुलीकडं बघत.

"त्यानं लिहिलं, दगड मारणाऱ्याचं नाव."

ईरम्मानं तव्यावरची भाकरी उलटली. ती अजून सुटली नव्हती. मधोमध फाटली.

"संस्थेतल्या ताईंनी तो कागद 'भावना' लिहिलेल्या तक्त्यावर चिकटवला," सिद्धांत म्हणाला. "बाकीचे 'उपाय'वर लावले."

कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर कुणाचा फ्लेक्स लावायचा, यावरून दिवाळीआधीचं ते भांडण सुरू झालं होतं. ज्यांच्या तोंडांचे फ्लेक्स होते ती माणसं पहिला दगड उडायच्या आत आपापल्या गाड्यांत बसून निघून गेली. राहिली ती गल्लीतली पोरं. त्या संध्याकाळी सिद्धांतच्या थोरल्या भावाचा, दिपकचा, डावा डोळा गेला. आणि त्याच संध्याकाळी श्रीदेवीचा भाऊ गुरु घरी आला तो सरळ मोरीत गेला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला. ईरम्मा वरून तांब्यानं पाणी घालत होती. पाणी आधी लाल गेलं, विटकरीसारखं, मग स्वच्छ जायला लागलं, तरी तो हात चोळतच होता. तिनं काही विचारलं नाही. सकाळच्या गाडीनं त्याला जेऊरला आत्याकडं पाठवून दिला. त्यानंतर दोन गल्ल्यांच्या मध्ये पोलिसांनी पत्रे ठोकले आणि केसरबाईची चूल विझली.

"मग उपाय काय काढलाय तुमी शान्यांनी?" ईरम्मानं विचारलं.

उपाय भाकरीचा होता. दोन्ही गल्ल्यांतल्या प्रत्येक घरानं कडक भाकऱ्या द्यायच्या. शाळेच्या पटांगणात एकच ढीग करायचा, आणि दोन्हीकडच्या माणसांनी ओळीनं येऊन हाताला लागेल ती उचलायची आणि तिथंच खायची. कुणाची, ते विचारायचं नाही. भोगीच्या आदल्या दिवशी. ठाण्यातल्या साहेबांना कल्पना आवडली होती. नीट पार पडलं तर गड्ड्याची जत्रा उठायच्या आत पत्रे काढतो म्हणाले होते.

"कडक भाकरी सगळ्यांचीच सारखी दिसते ना अज्जी," श्रीदेवी म्हणाली. "म्हणून."

सारखी कुठली दिसते, असं ईरम्माच्या जिभेवर आलं होतं. ते गिळून तिनं दुसरंच विचारलं.

"केसर देती का भाकरी?"

"आजी म्हणली, अक्का देत आसंल तर मी बी देते," सिद्धांत म्हणाला.

"आन् पत्रे निगाल्यावर? कामावर येती म्हणली?"

"ते तिलाच इचारा की. पत्र्याच्या पलीकडंच तर हाय घर. शाळेकडनं वळसा घातला की आलंच."

ईरम्मानं फाटलेली भाकरी तव्यावरून काढली आणि पीठ मळायला घेतलं. वळसा तिलाही माहीत होता. दिपक दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी ती चपला घालून दारापर्यंत गेलीही होती. पण जाऊन बसायचं म्हणजे डोळ्याची चौकशी करायची, आणि डोळ्यावरून बोलणं सरकलं की कुठं जाऊन थांबेल, ते तिला दिसत होतं. तिनं चपला काढून पुन्हा कोनाड्यात ठेवल्या होत्या. त्या मानानं भाकरी सोपी. भाकरीला बोलावं लागत नाही.

"सांग तिला," ती म्हणाली, "अक्का देती म्हणावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतल्या बाया पडवीत जमल्या. पुढं शेजारची चन्नम्मा. मागं पाच-सहा जणी पदराआडून एकमेकींना ढोसत होत्या.

"अक्का, भाकरी द्यायला कुणाचं कायबी न्हाय," चन्नम्मा म्हणाली. "पण खायची कशी वं? त्यांच्या तव्यावर सुकट भाजत्यात. आमचा म्हातारा तर तितं पाणीबी पिणार न्हाय."

"मग नगा खाऊ. हातात धरून फोटो काडा."

"खातानाचेच फोटो काडणार हायत म्हणं."

"माज्या चुलीवर केसर इतकी वर्सं भाकरी थापती. ती तू खाल्लीस का न्हाय चन्नम्मा? का पाकीट हातात आल्यावर डोळं झाकून खाल्लीस?"

"तुमच्या चुलीवरची गोष्ट येगळी, अक्का. तितं तुमी बसलेल्या आसता."

हे ऐकून ईरम्माला राग यायला हवा होता. पण तिला बरं वाटलं.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मी तर पोरांना पाटवणारच न्हाय. कायतरी कालवलंबिलवलं आसलं तर? डोळ्याचा राग हाय त्यांना."

डोळा म्हटल्याबरोबर बायांचं ढोसणं थांबलं. चुलीतलं लाकूड तडतडलं. समोरची कोरी चूल ईरम्माकडं बघत होती.

बाया आल्या नाहीत तर ढीग एकाच गल्लीचा होणार. साहेब हात झटकणार. पत्रे तसेच राहणार, गड्डा येऊन जाईल, उन्हाळा लागेल, आणि केसर दुसरीकडं कुठंतरी धुण्याभांड्याला लागेल. ईरम्माच्या मांडीजवळ सुपात तीळ होते, भोगीसाठी निवडायला घेतलेले. तिनं बोटांनी त्यातला एक खडा उचलून फेकला.

"भोगी हाय का न्हाय?" ती म्हणाली.

"हाय की."

"मग भोगीची भाकरी तिळाशिवाय करता का तुमी?"

बाया तिच्या तोंडाकडं बघायला लागल्या.

"आपल्या गल्लीनं तीळ लावून करायच्या. सगळ्यांनी. ती माणसं भोगी करत न्हाईत, त्यांच्या बिनतिळाच्या. हात घालताना तेवडं बगायचं. कुणाला बोलायचं कारण न्हाय, कुणाला दुखवायचं कारण न्हाय. फोटो बी हुईल, पत्रे बी निगतील."

चन्नम्मानं गालावर हात मारून घेतला. "अक्का, तुमी खरं तर कलेक्टरच व्हायचं!"

"दुसरीतनं काडलं आमच्या बानं, न्हायतर झालेच आसते," ईरम्मा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. "आन् श्रीदेवीला सांगू नगा. कॉलेजातली पोरं ती. त्यांना सगळं सरळ लागतंय."

बाया गेल्यावर तिनं स्वतःच्या भाकऱ्या थापल्या. गल्लीला सांगून आपल्याच भाकऱ्या कोऱ्या ठेवणं बरं दिसणार नव्हतं. तिनं ओल्या हातानं तीळ पसरले आणि तळव्यानं दाबले. केसरला काय, तिळाच्या खालूनही माझा हात ओळखू येईल, असं ती मनाशी म्हणाली. माझी कड जाड असते.

पटांगणात सिद्धांतनं दोन सोलापुरी चादरी जोडून अंथरल्या होत्या. एका बाजूनं मठ गल्ली उभी होती, दुसऱ्या बाजूनं विहाराची गल्ली, आणि मध्ये दोन होमगार्ड काठ्या मांडीवर घेऊन खुर्च्यांत बसले होते. टोपली रिकामी व्हायला लागली. वाळल्या पानांसारखा खळखळ आवाज करत भाकऱ्या चादरीवर पडल्या. श्रीदेवी आणि सिद्धांत गुडघ्यांवर बसून, धान्य चाळवावं तशा, दोन्ही हातांनी त्या एकमेकींत मिसळत होते. कपाळावर घाम, केसांत पिठाचा भुगा. ईरम्माला ती दोघं लहानपणी याच पिठात खेळायची ते आठवलं.

श्रीदेवीचा हात थांबला.

"अज्जी, आपल्याकडच्या सगळ्यांनी तीळ लावलेत?"

"भोगी हाय."

"भोगी उद्या आहे."

"मग उद्या काय, शिळ्या भाकरीला लावू?"

श्रीदेवी तिच्याकडं बघत राहिली. मग खाली बघून पुन्हा भाकऱ्या मिसळायला लागली, जरा जास्तच जोरात. दोन-तीन मोडल्या.

साहेब थोडकंच बोलले. उद्याचा देश तरुणांच्या हातात आहे, म्हणाले. मग ओळ लागली. एक माणूस इकडचा, एक तिकडचा. सुरुवात झकास झाली. मठ गल्लीची माणसं वाकत, ढिगावरून नजर फिरवत आणि एक भाकरी उचलत. तिकडची माणसं पुढ्यातली उचलत. कुणी दोन्ही हातांनी भाकरी मोडून तोंडात टाकत होतं. चटणीच्या परातीभोवती पोरं गोळा झाली होती. ईरम्मा ओळीत मागं उभी राहून सगळं बघत होती आणि तिची छाती भरून येत होती. समितीतल्या कुठल्या बाप्याला हे जमलं असतं?

तेवढ्यात चन्नम्माच्या नातवानं वाकून एक भाकरी उचलली. कोरी. चन्नम्मानं त्याच्या हातावर फटका मारला, भाकरी काढून घेतली आणि तिळाची दिली. क्षणाचं काम. पोरगं रडलंसुद्धा नाही.

पण समोर उभ्या असलेल्या विहाराच्या गल्लीतल्या माणसानं ते पाहिलं. त्यानं स्वतःच्या हातातली भाकरी पाहिली. तिला तीळ होते. मग त्यानं अलीकडं पलीकडं कोण काय खातंय ते पाहिलं. काही न बोलता त्यानं ती भाकरी ढिगावर परत ठेवली आणि कोरी उचलली. त्याच्या मागच्यानंही तसंच केलं. मग त्याच्याही मागच्या बाईनं. आवाज चढला नाही, कुणी शिवी दिली नाही. होमगार्ड खुर्चीतून हललेही नाहीत. ढीग आपला आपणच दोन ठिकाणी व्हायला लागला.

चादरीच्या कडेला गुडघ्यांवर बसलेल्या सिद्धांतनं हात मांडीवर घेतले.

ईरम्माची पाळी आली. ती वाकली. समोरच्या बाजूनं त्याच वेळी केसरबाई पुढं आली होती. दिवाळीपासून ईरम्मा तिला पहिल्यांदा बघत होती. बाई वाळली होती. तिच्या मागं गडद चष्मा लावून दिपक उभा होता, मान थोडी डावीकडं वळवून, उरलेल्या डोळ्याला सगळं दिसावं म्हणून. केसरबाईच्या हातात आधीच एक भाकरी होती. तिळाची. जाड कडेची.

आणि चादरीवर, ईरम्माच्या हातापासून वीतभर अंतरावर, एक कोरी भाकरी होती. तिच्या मधोमध बांगडीचा गोल वण होता.

ईरम्माचा हात तिकडं निघाला. तो हात सांगून ऐकणारा नव्हताच.

"अक्का, ही घ्या," मागून चन्नम्मा म्हणाली आणि तिनं एक भाकरी तिच्या बोटांपुढं धरली. "आपली."

ईरम्मानं मान वळवली. मागं सगळी गल्ली उभी होती, तोंडात तिळाचा घास घेऊन. तिनंच सांगितलेली, तिनंच शिकवलेली. चन्नम्माचा म्हातारा तिच्याकडं बघत होता. कॅमेरावाला एक डोळा मिटून बसला होता.

तिनं चन्नम्माच्या हातातली भाकरी घेतली.

वर बघायला तिला थोडा वेळ लागला. केसरबाई तिच्या तोंडाकडं बघत नव्हती, हाताकडं बघत होती. मग तिनं आपल्या हातातली जाड कडेची भाकरी, मोडू नये अशा बेतानं, चादरीवर परत ठेवली. दुसरी उचलली नाही. दिपकच्या कोपराला धरून ती गर्दीतून बाहेर गेली.

फोटो छान आला. साहेब ईरम्माला म्हणाले, "आजी, मानलं तुम्हाला. एक शब्द वाकडा गेला नाही." ईरम्मानं पदर सावरून मान डोलावली. घास तोंडातच फिरत होता.

माणसं पांगल्यावर पोरं आवरायला लागली. चादरीवर चुरा आणि उरलेल्या थोड्या भाकऱ्या होत्या. सिद्धांतनं बांगडीच्या वणाची भाकरी उचलली.

"पीठ मळतानाच म्हणत होती," तो म्हणाला. "अक्काची लई दिवसांची ऱ्हायलीय."

"दे हिकडं," ईरम्मानं हात पुढं केला.

"आता नको, आजी. उरलेल्या जनावरांना घाला म्हणालेत साहेब."

त्यानं ती टोपल्यात टाकली. मग चादरीचं एक टोक धरून झटकलं. तिळाचे दाणे मातीत उडाले.

"दगडांना बी तीळ लावायला पायजे होते की," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. भाव विचारावा तसं बोलला. "कुणाचा कुठला, कळलं आसतं."

श्रीदेवीनं चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून घडी घातली. घडी घालून झाल्यावर तो आपल्या गल्लीकडं गेला, ती आपल्या.

घरी येताना ईरम्मानं दोनदा बोलायचा प्रयत्न केला. माणसं आली ना सगळी, म्हणाली. पत्रे निघतील, म्हणाली. श्रीदेवी पुढं चालत होती. मठाच्या पायरीपाशी ती थांबली, पण वळली नाही.

"अज्जी, गुरुदादा त्या दिवशी एवढा वेळ हात का धूत होता?"

"जेवायला बसायचं व्हतं."

"तो जेवला नव्हता त्या दिवशी."

ईरम्मानं पदर तोंडाशी धरला, धूळ उडाल्यासारखा. रस्त्यावर धूळ नव्हती.

"पुन्हा बोलावलंय पुढच्या महिन्यात," थोड्या वेळानं श्रीदेवी म्हणाली. "वर्कशॉपला."

"मग जा की. जायाचं सोडू नये."

"जाईन. कागद कोरा देईन."

पत्रे खरंच निघाले. त्यांच्या मागं वाढलेलं गवत पिवळं पडलं होतं, तेवढाच पट्टा चार दिवस दिसत राहिला. पटांगणातला फोटो श्रीदेवीच्या कॉलेजच्या फळ्यावर लागला. पोलीस ठाण्यातून निरोप आला की पुढच्या वर्षीही असाच कार्यक्रम घ्यायचा, आणि तरुण सदस्य म्हणून श्रीदेवीचं नाव समितीत घालायचं. ईरम्मानं बसवण्णांच्या तसबिरीचा खिळा हलवून बघितला. आणखी एक ओळखपत्र पेलेल एवढा तो घट्ट होता. श्रीदेवीनं नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही.

आणि गड्डा उठल्यावर एका सकाळी केसरबाई आली. न बोलावता. पदर खोचला, कोरी चूल पेटवली, परातीत आधण ओतलं. ईरम्मा बघत बसली.

"थंडी हाय आजून," केसरबाई म्हणाली.

"हाय की. यंदा लईच."

"पीट जरा जाडच आलंय."

"गिरणीवाल्याला सांगते."

पहिले दोन घाणे असेच गेले. मग ईरम्मानं तव्यावरची नजर न काढता विचारलं, "दिपक कसा हाय?"

"हाय बरा. काचंचा डोळा बसवू म्हणत्यात." केसरबाईनं भाकरी उलटली. "गुरु?"

"जेऊरलाच हाय."

"बरं हाय. तितं हवा चांगली."

केसरबाई जत्रेतल्या गर्दीचं बोलली, ज्वारीच्या भावाचं बोलली, एकदा हसलीसुद्धा. आवाज तोच, हात तेच, थपथप तीच. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, काही झालंच नाही. दुपारी ईरम्मानं तव्यावरची गरम भाकरी झटकली आणि समोर फेकली. केसरबाईनं ती नेमकी झेलली.

"घरला नेते," ती म्हणाली, आणि फडक्यात बांधून बाजूला ठेवली. "पोरं खातील. मी खाऊन आलेय सकाळीच."

ईरम्मानं केसरबाईचं टोपलं आपल्याकडं ओढलं. वरची भाकरी उचलली, बघितली. तिच्या खालची. तिच्या खालची. भाकऱ्या सुरेख होत्या, पातळ, कडेपर्यंत एकसारख्या भाजलेल्या. ती एकेक काढून मांडीवर रचत गेली, टोपल्याचा तळ लागेपर्यंत. मग तिनं केसरबाईच्या हाताकडं पाहिलं. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या होत्या.

"काय शोदायलीस, अक्का?"

"काय न्हाय. कुटली कच्ची ऱ्हायलीय का बगायले."

"न्हाय ऱ्हायली," केसरबाई म्हणाली. "सगळ्या विकायच्याच हायत."

ईरम्मानं पाकिटांचा गठ्ठा ओढला आणि भरायला घेतलं.